एका मोठ्या संख्येची परीक्षा

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! ही संख्या मूळ की संयुक्त, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास ब्याण्णव वर्षे लागली.

ही संख्या तयार करण्याची रीत सोपी आहे. २ चा वर्ग ४, ४ चा वर्ग १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६ आणि त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आरंभीच्या २ सह ह्या प्रत्येक संख्येत १ मिळविला, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि शेवटी आपली संख्या, अशी मालिका लाभते. तिच्यातील पहिल्या पाच संख्या मूळ आहेत; म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. फ्रान्समधील तुलूझ नगराच्या न्यायालयात काम करणारा आणि फावल्या वेळी गणितात रमणारा फेर्मा याच्या ध्यानी ही गोष्ट आली. मालिका कितीही वाढविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल, असे त्याने १६४० साली आपल्या स्नेह्यांस पत्राने कळविले. आपणापाशी सिद्धता नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले.

मग सहावी संख्या त्याने तपासून का पाहिली नाही? संख्या मूळ आहे असे खात्रीने म्हणावयाचे, तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. हिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. तितके भागाकार, तेही बोरूने! फेर्माला दोष देणे सोपे आहे; ते भागाकार करावयास बसणे तितके सोपे नाही.

१७२९ साली गोल्डबाख याने हा प्रश्न ऑयलरला पत्रातून विचारला. ऑयलर तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे होता. वय अवघे बावीस. १७३२ साली त्याने दाखवून दिले, की ह्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. गुणाकार करून कोणीही त्याचा पडताळा घ्यावा.

हा अवयव सापडावा कसा? ह्या संख्येचा कोणताही मूळ अवयव घेतला, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ ह्या होत. त्यांपैकी २५७ हिचा विचारच नको. कारण मालिकेतील पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार करून त्यात २ मिळविले, की नेमकी आपलीच संख्या येते. तेव्हा त्या पाचांपैकी कोणीही तिला भागली, तरी बाकी २ उरणारच. १९३, ४४९ व ५७७ यांनीही भाग जात नाही. चौथ्या भागाकारात काम फत्ते!

फेर्माचे अनुमान असे ढळले. मालिकेतील सातवी संख्या वीस अंकी आहे. तिचे अवयव एकोणिसाव्या शतकात सापडले. ६५,५३७ च्या पुढे ह्या मालिकेत मूळ संख्या आजवर एकही आढळलेली नाही. मात्र पुढे कोठेच नसेल, हेही अद्याप कोणास सिद्ध करता आलेले नाही.