परसातला शिंजीर



पाडव्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाची बैठक होती म्हणून आम्ही सोपा झाडून घेत होतो. कपडे वाळत घालायच्या तारेला जळमटं आणि सुक्या पानांची एक गाठोडी लोंबत होती. कचराच तो, असं समजून केरसुणीनं पाडली. खाली पडली आणि आतली दोन इवली अंडी फुटली. त्या दिवशी हप्त्याचा हिशेब झाला, पण कुणाचं मन लागलं नाही. आपल्या परसात कोण राहतं हे आपल्यालाच माहीत नाही, हे आम्हाला लागलं.

ते घरटं शिंजिराचं होतं. काहीजण त्याला सूर्यपक्षी म्हणतात. चिमणीपेक्षा लहान, बाकदार चोचीचा हा पक्षी फुलातला मध पितो आणि कोळी, बारीक किडेही खातो. पिल्लांना तर मुख्यतः किडेच भरवतो. मोबाईलवर एकाच जागी भिरभिरणारा हमिंगबर्ड तुम्ही पाहिला असेल. तो फक्त अमेरिका खंडांत आणि आजूबाजूच्या बेटांवर सापडतो. क्युबा देशातला सगळ्यात छोटा तर जेमतेम दोन ग्रॅमचा! आपला शिंजीर त्याचा भाऊबंद नव्हे. दोघांचा धंदा मात्र एकच, म्हणून चोची सारख्या. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसूनच मध पितो. फूल फार लांबट असलं, तर बुडाशी भोक पाडून मध पळवतो.

आता गंमत ऐका. दारातल्या मोटारसायकलच्या आरशावर एक नर सकाळभर चोची मारत होता. आमच्या आक्का म्हणाल्या, "ह्याला काय लग्नाला जायचं हाय? आरशापुढनं हलेना!" खरं म्हणजे आरशातला दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय, असं त्याला वाटतं. आरशावर पिशवी घातली, की भांडण मिटतं.

जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत काळाजांभळा चमकतो. हंगाम सरला, की मादीसारखा मळकट दिसतो, छातीवर तेवढा एक काळा पट्टा राहतो. सण झाला, की भारीतली साडी ट्रंकेत जाते, तसंच हे. घरटं मादी एकटी बांधते. कोळ्याचं जाळं, साल, पानं जोडून पिशवी करते, आत मऊ कापूस घालते आणि दारावर छोटी पडवीसुद्धा काढते. नर जवळ बसून गातो. हे सांगितलं, तर एक वहिनी पटकन म्हणाल्या, "ओळखीचं वाटतंय की!" हसून हसून पुरेवाट झाली. पण नराचीही बाजू सांगायला हवी. पिल्लं झाली, की तोही चारा आणतो.

अंडी उबायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, पिल्लं उडायला तेवढेच दिवस. म्हणजे महिनाभर ती तार सोडायची, कपडे दुसरीकडे घालायचे. घरट्याला हात लावू नका, चार पावलं लांबूनच बघा. जास्वंद, केळ, शेवगा परसात असू द्या. साखरपाणी ठेवायची गरज नाही. भाजीवर औषध मारलं, तर किड्यांबरोबर पिल्लांचा घासही जातो, हे ध्यानात ठेवा. झाडताना एका कोपऱ्यातलं जाळं राहू द्या. आणि लोंबणारी गाठोडी दिसली, की केरसुणी उचलण्याआधी थोडा वेळ थांबून बघा.

बिद्रीत कारखान्याचा हंगाम असो वा नसो, आपली धावपळ काही संपत नाही. नुसतं उभं राहून बघायला आपल्याला लाज वाटते, कुणी म्हणेल, काम नाही वाटतं हिला! पण चहा निवेपर्यंत परसात उभं राहिल्यानं घर काही बुडत नाही. आता आमची बैठक सुरू होते ती, "तुझ्याकडं आला का गं?" या प्रश्नानं. परवा एकीच्या न्हाणीजवळच्या तारेवर नवं घरटं दिसलं. त्या घरातल्या सासूबाईंनीच सगळ्यांना बजावलंय, "तिकडं कुणी फिरकायचं नाही. बाळंतीण हाय!"