ती ओरडली का नाही?

एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की एस. टी. स्टँडवर, पारावर आणि खरे सांगायचे तर आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही एक प्रश्न हमखास कानी पडतो, “मग ती ओरडली का नाही?” विचारणारा दुष्ट असतोच असे नाही. परंतु या प्रश्नामागे मानवी शरीराविषयी व मनाविषयी केवढे अज्ञान दडले आहे, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हे अज्ञान केवळ पारावरचे नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर (आजच्या गडचिरोली) जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून तो पुढे देशभर गाजला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र, भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, हीच त्यातली मुख्य कारणे होती. म्हणजे पारावरचाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च पीठावरून विचारला गेला!

आता शरीराकडे वळू. संकट समोर येताच मेंदूत खोलवर असलेला बदामाएवढा एक भाग धोक्याची सूचना देतो. विचार करण्यास वेळच नसतो. लढणे किंवा पळणे हे दोन मार्ग आपल्याला ठाऊक आहेत. पण दोन्ही वाटा बंद झाल्या तर? खेड्यातल्या कुणीही पाहिले असेल, की कोंबडीला धरून जमिनीवर दाबले, तर थोड्या वेळाने ती निपचित पडते, आणि हात काढला तरी लगेच उठत नाही. माणसाचे शरीरही असेच थिजते. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधील २९८ अत्याचारित स्त्रियांच्या पाहणीत (२०१७) सुमारे ७० टक्के स्त्रियांनी आपले शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले. तेव्हा न ओरडणे हा अपवाद नाही, आणि तो निर्णय तर नाहीच नाही.

शरीर थिजते तेव्हा मनही आपली सुटका शोधते. ‘हे माझ्यावर घडतच नव्हते, मी जणू छतावरून पाहत होते,’ असा अनुभव अनेकजणी सांगतात. यास मानसशास्त्रात ‘डिसोसिएशन’ म्हणतात. आपण त्याला मनाची फारकत म्हणू. पिएर झाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८९ साली या अवस्थेची सविस्तर मांडणी केली. असह्य ते सहन करण्यासाठी मनाने केलेली ही तात्पुरती सोय असते. लहान वयात, तेही घरातल्याच माणसाकडून वारंवार अत्याचार झाला, तर ही सोय सवय बनते. मग मोठेपणीही वर्गात बसल्या बसल्या मन कुठेतरी निघून जाते. आठवणी सलग राहत नाहीत, त्यांचे तुकडे होतात. तो प्रसंग घडताना शेजारी यंत्रमागांचा खडखडाट चालू असेल, तर वर्षानुवर्षांनी तोच आवाज ऐकून छातीत धडकी भरते. कारण मात्र उमगत नाही. हकिगत तुटक किंवा मागेपुढे सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही, हे यावरून ध्यानात यावे. मुलग्यांच्या बाबतीतही हे सर्व तितकेच खरे आहे.

यातून सावरता येते काय? निश्चित येते. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. प्रथम सुरक्षितता, मग घडलेले सांगणे व त्याचा शोक करणे आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. यातला क्रम महत्त्वाचा. अत्याचारी माणूस त्याच घरात वावरत असताना ‘बोल, म्हणजे मोकळी होशील’ असा आग्रह धरणे म्हणजे जखम पुन्हा उघडी करणे होय.

कायदाही हळूहळू शिकला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयास खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी झालेल्या अत्याचारात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. २०१३ च्या दुरुस्तीने, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे स्पष्ट केले. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. प्राध्यापकांच्या एका पत्राने एवढे घडू शकते, ही गोष्ट महाविद्यालयाच्या अंकात तरी नोंदवायलाच हवी.

आता उरतो आपण. एखादी मैत्रीण किंवा मित्र कधी काळी आपल्याजवळ बोललाच, तर उलटतपासणी घेऊ नये. ‘यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे, तिच्या संमतीवाचून कोणाकडे वाच्यता करू नये. वय अठराच्या आत असेल, तर मात्र कायद्यानुसार कळविणे बंधनकारक आहे. तेही तिला विश्वासात घेऊन करावे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवावेत.

कायद्याला हा धडा गिरवायला कित्येक वर्षे लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत. पुढच्या वेळी पारावर कुणी विचारले, “ती ओरडली का नाही?” तर उत्तर द्यायला आपण तरी गप्प राहू नये.