भांडे, भांडण आणि भांडवल

घरात भांड्याला भांडे लागायचेच, अशी समजूत घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरातली कुरबुर फार मनावर घेऊ नये, एवढाच तिचा आशय. ते भांडे घासायचे कोणी, हा प्रश्न मात्र या म्हणीत येत नाही. आणि पुष्कळ घरांत कुरबुरीचे मूळ नेमके तेथेच असते. वस्तुतः भांडे आणि भांडण यांचे रक्ताचे नाते नाही. भांडे आले संस्कृत ‘भाण्ड’पासून, भांडण ‘भण्डन’पासून. भांड्याचे खरे गणगोत म्हणजे भांडार आणि भांडवल. कारण संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे जसे पात्र, तसाच व्यापाऱ्याचा माल आणि त्याचे मुद्दलही. शब्दकोशात भांड्याचा संसार असा भांडवलाशी थाटलेला आहे. मोरीत मात्र तो भांडणाशी आहे.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे गाव १९९९ साली नवा जिल्हा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि भंडाऱ्याची ख्याती पितळी भांड्यांसाठी. पितळेचे भांडे जितके देखणे तितकेच राबवून घेणारे. चिंच लावा, राखेने घासा, आतली कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहा. नाही तर आंबट पदार्थ कळकलाच म्हणून समजावे. पुढे जर्मनचे गंज आले, मागोमाग स्टील आले. चिंच आणि कल्हई गेली, राखेच्या जागी साबणाची वडी आली. घासणारे हात बदलले नाहीत. धानाच्या या मुलखात रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून घरी परतते, तेव्हा तळाशी भात करपलेला सकाळचा गंज परसात तिची वाट पाहत असतो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी चिखल नसतो, इतकाच फरक.

या कामावरून होणारी भांडणे वर्षानुवर्षे त्याच त्या वाक्यांनी होतात आणि त्याच त्या अबोल्यात संपतात. ‘तुम्ही कधी एक पेला तरी विसळता का?’ हे वाक्य माणसावर जाते. माणूस लगेच स्वतःच्या बचावाला उभा राहतो आणि पेला तसाच राहतो. कृत्याला स्वतंत्र नाव असेल तर गोष्ट बदलते. मराठीत असे नाव घडवणे अवघडही नाही. करपलेला गंज ‘भिजू दे जरा’ म्हणून पाण्यात सोडायचा आणि सकाळपर्यंत त्याचे तोंड पाहायचे नाही, या युक्तीला ‘भिजवणूक’ म्हणावे. फसवणूक आणि पिळवणूक यांच्या पंक्तीत हा शब्द बिनबोभाट बसतो. साबणाला हात न लावता ताटली नळाखालून फिरवून पालथी घालणारा तो ‘विसळभोळा’. सारी भांडी घासून नेमका तवा मागे ठेवणे ही ‘तवाटाळ’. अभ्यासाच्या मेजावर आठवडाभराच्या कपबश्यांचा साठा करून बसलेल्या चिरंजीवांना ‘भांडवलदार’ ही पदवी आयतीच मिळते. ‘घासाघीस’ तर भाषेत आधीपासूनच आहे. बाजारातून ती मोरीत आणली की झाले. झाडीबोली, पोवारी आणि हिंदी यांचा शेजार लाभलेल्या गोंदियाच्या भागात तर याहून चटकदार शब्द निघावेत.

हा केवळ पोरखेळ नव्हे. शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी एक अक्षर फिरवून त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले, आणि कोश बाजूला राहून ते नावच लोकांच्या तोंडी बसले. महागाईविरुद्ध १९७२-७३ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांचा ‘लाटणे मोर्चा’ही स्वयंपाकघरातूनच राजकारणाच्या शब्दसंग्रहात शिरला. ज्याला नाव मिळते ते दिसू लागते. ‘आज तिसऱ्यांदा भिजवणूक झाली’ असे म्हणता आले की मोजदादही सुरू होते.

तथापि शब्द घडवतो कोण, हे पाहिले पाहिजे. कोट्या सुचण्याइतकी सवड बहुधा जेवून उठलेल्यालाच असते. घासणाऱ्या हातांना ती नसते. चतुर गृहस्थ बायकोच्या तक्रारीलाच एखादे गमतीदार नाव देईल, चारचौघांत हशा मिळवील आणि भांडी पुन्हा तिच्याच वाट्याला जातील. अशा शब्दांची आपल्याकडे आधीच काही वाण नाही. भांडकुदळ, कजाग, कैदाशीण ही सारी विशेषणे तक्रार करणारीसाठी राखीव आहेत. ‘कामचुकार’ हा शब्द कचेरीत सर्रास चालतो. जेवणाच्या पाटावरून उठून थेट वर्तमानपत्र उघडणाऱ्याला तो कोणी लावल्याचे क्वचितच ऐकू येते. म्हणून भिजवणूक म्हणण्याचा पहिला हक्क गंज घासणारीचा.

अर्थशास्त्राचा व्यवहारही या बाबतीत फारसा उजवा नाही. गृहस्थाने आपल्या मोलकरणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिली. काम तेच, हात तेच. फक्त मोल गेले. मराठीत तर ‘मोल’ त्या शब्दातच उघड बसले आहे: पैसे घेऊन भांडी घासते ती मोलकरीण, न घेता घासते ती गृहिणी. त्या मोलासाठीही पुण्यातील मोलकरणींना १९८० साली संप करावा लागला, आणि घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ साली झाला. बिनमोल कामाची मोजणी त्याहून उशिरा आली. देशव्यापी वेळ-वापर पाहणीत २०१९ साली असे दिसले की, बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७. शिवाय असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते, स्त्रिया एक्याऐंशी. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटांवर आले; म्हणजे बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचललेली दिसत नाहीत.

५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघातातील नुकसानभरपाईचा निकाल देताना २०१९ चे हेच आकडे नमूद केले आणि गृहिणीच्या कामाला उत्पन्न मानून त्याची किंमत धरली. ज्या स्त्रीच्या कामाची किंमत अशी ठरली, ती दिल्लीतील त्या अपघातात २०१४ सालीच पतीसह मरण पावली होती.