विजेवरचा टेम्पो

मी यंत्रशास्त्र शिकलेला मनुष्य नाही. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या तक्रारी लिहून घेता घेता झाले. तेव्हा आजचा विषय मी पुस्तकातून नव्हे, तर तक्रारवहीतून आणला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

आपल्या जूचंद्रात ज्यांचे वाडवडील मिठागरात राबले, त्यांच्या घरांतील पुष्कळ मुले आज टेम्पोच्या चाकावर पोट भरतात. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून माल उचलावा, चिंचोटीवरून भिवंडीच्या गोदामात टाकावा, आणि पुन्हा रिकामे किंवा भरलेले परतावे, हा त्यांचा नित्यक्रम. अलीकडे या गाड्यांत हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. ऑक्टोबर २०१८ पासून अशा गाडीला परमिट लागत नाही आणि डिझेलचा खर्चही नाही, म्हणून तरुण मंडळी हप्त्यावर त्या घेतात. घेण्याला माझा विरोध नाही. मात्र गाडी थांबली म्हणजे नुकसान कोणाच्या माथी बसते, हे मी वहीत रोज पाहतो.

विजेवर चाके फिरणे आपल्याला नवे नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि १९६४ पर्यंत धावली. बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी १९२५ साली सुरू झाली. फरक इतकाच की ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळे. टेम्पोला आपली शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते. ही शिदोरी युनिटांत मोजतात. घरच्या मीटरवर जे युनिट तेच हे. टाटांचा विजेवरचा एस मे २०२२ मध्ये जाहीर झाला. त्याची शिदोरी २१.३ युनिटांची, भार ६०० किलोंचा आणि चाचणीतील पल्ला १५४ किलोमीटरचा सांगितला गेला. भागाकार करा : एका युनिटला सव्वासात किलोमीटर. पण चाचणी म्हणजे चिंचोटीचा रस्ता नव्हे. खड्डे, चढ, टायरात कमी हवा आणि ६०० च्या जागी ९०० किलो माल असला, आणि युनिटला पाचच किलोमीटर पडले, तर पल्ला १०६ वर येतो. गाडी बिघडली असे यात काही नाही. पण मालकाला हा भागाकार ठाऊक नसला की तो ड्रायव्हरवर डोळे वटारतो.

आता तक्रारींकडे वळू. गेल्या पावसाळ्यापूर्वी एक मुलगा पहाटेच दारात आला. “दादा, गारी मेली. रातभर चार्जिंगला होती, काटा भरलेला, आनि आता दिवाबी लागत नाय.” वस्तुतः मरण मोठ्या बॅटरीला आले नव्हते. अशा गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज साधी, बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. गाडी बंद असताना मोठी बॅटरी बाकी यंत्रापासून तोडून ठेवलेली असते आणि तिला जोडणारा स्विच ओढण्याचे काम ही लहान बॅटरी करते. म्हणजे कोठार धान्याने भरलेले, पण किल्ली हरवलेली. आपल्याकडे खारे वारे. त्या मुलाच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढला होता. थर खरवडला, टोके घट्ट केली, तरी मीटरवर बारा व्होल्टही भरेनात. चांगल्या बॅटरीला साडेबाराच्या वर दिसावेत. नवी बॅटरी घातली आणि गाडी चालू झाली. त्याआधी दोन तास कोणीतरी नारिंगी वायरी उसकटत बसला होता. श्रोतेहो, नारिंगी वायरीतला दाब जीव घेणारा असतो. तिला शिकलेल्या कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये.

दुसरी तक्रार चार्जिंगच होत नाही, ही. पंधरा अँपियरच्या जाड प्लगमधून तासाला तीनेक युनिटे जातात, म्हणजे रिकामी गाडी भरायला सात-आठ तास हवेत. जुन्या घरांत त्या प्लगच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नसते. पंखा, इस्त्री तरीही चालतात. चार्जर मात्र ते ओळखतो आणि नकार देतो. त्याला बिघाड म्हणू नये, तो आपला जीव राखतो आहे. अशा वेळी वायरमनला बोलवावे, गाडीच्या कारागिराला नव्हे.

तिसऱ्या तक्रारीपायी मी हे सर्व शिकलो. एका ठेकेदाराचा ड्रायव्हर कामणच्या पुढे, रस्त्यात काट्यावर १८ टक्के दिसत असताना थांबला. ठेकेदाराने टोचनचे पैसे आणि दोन दिवसांची रोजंदारी कापली. म्हणे, “बेफिकीर चालवलीस.” या गाडीतली बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची. हिचा गुण असा की ती बरीच भरलेली असो वा बरीच रिकामी, मधल्या टप्प्यात तिचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे किती उरले ते दाबावरून कळत नाही. गाडीतला संगणक मुनिमासारखा इतके जमा, इतके खर्च असे मांडत बसतो. रोज थोडी चूक होते, ती साठते. बॅटरी काठोकाठ भरली की दाब एकदम चढतो, तेव्हाच मुनिमाला शिल्लक ताडून पाहता येते. आम्ही महिन्याची नोंद काढली. ठेकेदाराच्या आवारात आठ गाड्यांना तीनच प्लग; प्रत्येकीला चार तास दिले की वायर दुसरीला. त्या महिन्यात ही गाडी एकदाही पूर्ण भरली नव्हती. काटा खोटे बोलत होता. ठेकेदाराला तसे पत्र लिहिले. त्याने टोचनचे पैसे परत केले, रोजंदारीचे नाही. तेवढे भांडण अजून चालू आहे. तोवर आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी पूर्ण भरेपर्यंत प्लग काढायचा नाही, इतके त्याच्याकडून लिहून घेतले आहे.

टोचनाविषयीही सांगितले पाहिजे. मोटार ज्या चाकांना जोडलेली, ती जमिनीवर ठेवून गाडी ओढू नये. चाके फिरली की मोटारच वीज करू लागते आणि यंत्र जाळू शकते. गाडी उचलून न्यावी. उतारावर ब्रेक लावताना हीच करामत उपयोगी पडते, बॅटरीत थोडी भर पडते. मात्र बॅटरी काठोकाठ असेल तर भरीला जागा नसते, आणि सकाळच्या पहिल्या उतारावर गाडी नेहमीपेक्षा मोकळी सुटल्यासारखी वाटते. घोडबंदरच्या घाटात हे ध्यानात ठेवावे.

आणि पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसईत मिठागरांवरची माणसे पाण्यात अडकली होती, हे आपण विसरलेलो नाही. पाणी बॅटरीपर्यंत चढले असेल तर गाडी चालू करू नये, चार्जिंगला लावू नये, घराला लागून उभी करू नये. पाणी ओसरले म्हणजे संकट टळले असे नसते. आतला ओलावा कित्येक दिवसांनीही घात करतो.

राहिली दुरुस्ती. बिघाडाचा आकडा वाचणारे यंत्र विक्रेत्याकडे असते. रस्त्याकडेच्या मेस्त्रीकडे सहसा नसते. डिझेलच्या गाडीला तो आवाजावरून ओळखत असे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले, त्यात वाहनेही आहेत. पण त्यावर माहिती मिळणे आणि मेस्त्रीच्या हाती यंत्र पडणे यांत अंतर आहे. म्हणून आम्ही कचेरीत एक साधी वही ठेवली आहे. प्रत्येक ड्रायव्हरने रात्री किती टक्क्यांवर प्लग लावला, पहाटे किती टक्क्यांवर काढला, किती किलो माल नेला आणि किती किलोमीटर झाले, ते त्यात लिहायचे. वही कचेरीच्या खिडकीत आहे. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे, कारण याआधीच्या दोन गेल्या.