लोकल रखडली, तरी पानावर ‘गाड्या वेळेवर’? जँगोमध्ये असे का होते, समजून घ्या

डोंबिवली स्थानकातला इंडिकेटर आठवा. वेळ, गाडी कुठली, जलद की धीमी, डबे १२ की १५... प्रत्येकाची जागा ठरलेली, बदलते फक्त माहिती. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये वेबपेजही असेच तयार होते. ठरलेल्या जागांचा साचा म्हणजे ‘टेम्प्लेट’ आणि त्यात भरायची माहिती गोळा करणारा कोड म्हणजे ‘व्ह्यू’.

(जँगोचा जन्मही एका दैनिकातला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’च्या वेब टीमने २००३ मध्ये ते लिहायला घेतले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. बातमी रोज नवी, साचा तोच. ही गरज पेपरवाल्यांपेक्षा कोणाला जास्त?)

व्ह्यूकडून टेम्प्लेटकडे माहिती जाते ती ‘कॉन्टेक्स्ट’ नावाच्या डिक्शनरीतून, म्हणजे नाव आणि त्यापुढचे मूल्य अशा जोड्यांतून. उदाहरणार्थ, ‘डीले’ या नावापुढे १५. व्ह्यू ‘रेंडर’ फंक्शनला रिक्वेस्ट, टेम्प्लेटचे नाव आणि ही डिक्शनरी देतो. टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसात ‘डीले’ लिहिले, की तिथे १५ उमटतात. व्ह्यूमधली बाकीची व्हेरिएबल टेम्प्लेटला दिसत नाहीत. जे दिले तेच, आणि ज्या नावाने दिले त्याच नावाने.

गडबड नावातच होते. समजा, ठाणे-कल्याण प्रवाशांसाठी तुम्ही पान केले. व्ह्यूने ‘डीले’ पाठवले, टेम्प्लेटमध्ये ‘डीलेज’ लिहिले गेले. अशा चुकीवर पायथन एरर देते. जँगोचे टेम्प्लेट मात्र ती जागा रिकामी सोडून पान दाखवते. रिकामी जागा निदान डोळ्यांना खुपते तरी. पण ‘उशीर असेल तर मिनिटे दाखव, नाहीतर गाड्या वेळेवर लिही’ अशी अट असेल, तर न सापडलेले नाव ‘नन’ धरले जाते, म्हणजे उशीर नाही! गाडी दिव्याला १५ मिनिटे अडकलेली आणि पानावर ‘गाड्या वेळेवर’.

‘स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड’ या सेटिंगने रिकाम्या जागी ठरावीक मजकूर दाखवता येतो, पण अटीत ती कामाची नाही. त्यापेक्षा टेम्प्लेटमध्ये आधी ‘नन आहे का?’ हे तपासा. असेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहा. शून्य आले तरच ‘वेळेवर’. आणि पान लाइव्ह करण्याआधी १५ मिनिटे उशीर देऊन एक टेस्ट चालवा. पानावर १५ दिसलेच पाहिजेत.