विश्लेषण : नकाशात ‘मेडिकल’ शोधले, तर कॉलेज का दिसते?

फोनच्या नकाशात ‘वडगाव’ एवढेच टाइप केले, तर उत्तर काय यायला हवे? स्वारगेटला उभ्या असलेल्या माणसाला बहुधा सिंहगड रस्त्याकडचे वडगाव बुद्रुक हवे असते. विमाननगरमधल्याला वडगाव शेरी, तळेगावला उतरलेल्याला वडगाव मावळ आणि हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला पेठ वडगाव. अक्षरे तीच, ठिकाणे चार. बुद्रुक आणि शेरी ही तर पुण्याच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत. रिक्षात बसल्यावर चूक लक्षात आली, तर मीटर आपल्याच खिशातून पळतो.

म्हणजे नकाशावरचे ठिकाण खरे असणे पुरेसे नाही. शोधणाऱ्याला तेच हवे होते का, हा खरा प्रश्न. तो यंत्राला कसा कळतो आणि कळला की नाही हे तपासते कोण?

उत्तरांची परीक्षा कोण घेते?

स्थानिक शोधाचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात, असे गुगल सांगते : शोधशब्दाशी जुळणी, अंतर आणि त्या ठिकाणाची प्रसिद्धी. या तिघांची सांगड यंत्र घालते. ती जमली की नाही, हे मात्र माणसे तपासतात. शोध निकालांना गुण देणारे असे सुमारे १६ हजार परीक्षक जगभर आहेत, असे कंपनीचे म्हणणे आहे. त्यांच्यासाठीची दीडशेहून अधिक पानांची मार्गदर्शिका २०१५ पासून कुणालाही वाचता येते. परीक्षकाने कमी गुण दिले म्हणून एखादे दुकान यादीत खाली जात नाही. क्रमवारीचे नवे सूत्र जुन्यापेक्षा बरे आहे का, एवढे ठरवण्यासाठी हे गुण वापरले जातात. पद्धत तशी इंटरनेटपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात ग्रंथालयीन शोधपद्धती अशाच ताडून पाहिल्या होत्या.

गुण कसे दिले जातात?

परीक्षकासमोर तीन गोष्टी येतात : शोधलेला शब्द, शोधणारा कुठे आहे ती जागा आणि निकाल. गरज पूर्ण भागली, बरीच भागली, मध्यम, थोडीशी की अजिबात नाही, अशा पाच मुख्य पायऱ्या असतात. सर्वात वरची पायरी सहज मिळत नाही. हेतू एकच आणि स्पष्ट असेल तरच ती द्यायची. कुणी ‘व्हीटी स्टेशन’ शोधले आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दाखवले, तर नाव जुळत नसले तरी गरज पूर्ण भागली. अधिकृत नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. मुंबईकराच्या बोटांना मात्र अजून व्हीटीच आठवते. उलट नुसते ‘हॉस्पिटल’ शोधले, तर कोणत्याही एका रुग्णालयाला पूर्ण गुण देता येणार नाहीत. कोणते हवे होते, हे त्या शब्दात नाहीच.

जवळचे तेच योग्य का?

नेहमी नाही. पेट्रोल पंप किंवा चहाचे दुकान यांसाठी कुणी लांब जात नाही. वाटेत तीन पंप असताना सहा किलोमीटरवरचा चौथा वर दाखवला, तर गुण कापले जायला हवेत. पण लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञासाठी माणूस पंधरा किलोमीटर आनंदाने जाईल. शिवाय नकाशावरचे सरळ अंतर फसवे असते. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर, मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट बंद असेल, तर पलीकडचा ‘जवळचा’ दवाखाना गाठायला चिपळूणमार्गे भलामोठा वळसा पडतो.

नकाशाचा कोणता भाग पडद्यावर आहे, यालाही अर्थ असतो. पुण्यात बसून कुणी नकाशा महाबळेश्वरवर सरकवला आणि मग ‘हॉटेल’ शोधले, तर त्याला शेजारच्या गल्लीतले हॉटेल दाखवून काय उपयोग?

मराठीत नेमके काय अडते?

‘हॉटेल’ म्हणजे आपल्याकडे वडापाव-मिसळीचेही ठिकाण आणि मुक्कामाचेही. दुपारी महामार्गावर शोधणाऱ्याला बहुतेक जेवायचे असते. रात्री अकराला एसटी स्टँडवर उतरलेल्याला खोली हवी असते. ‘दवाखाना’ माणसांचा की गुरांचा, हे गावात विचारावे लागते.

यातला सर्वात जोखमीचा शब्द ‘मेडिकल’. महाराष्ट्रात त्याचा रोजचा अर्थ औषधांचे दुकान. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाचा बाप तो शब्द टाइप करतो, तेव्हा त्याला मेडिकल कॉलेज दाखवणे चूकच. आणि बंद झालेले औषधाचे दुकान दाखवणे? माझ्या मते ती त्याहून मोठी चूक. कॉलेज नको हे त्याला फोनवरच कळते. दुकान बंद असल्याचे तिथे पोचल्यावर कळते. नागपूरकर मात्र ‘मेडिकल’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बऱ्याचदा तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयच असते. एकाच राज्यात एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शब्दकोशात सापडत नाहीत. ते तिथे राहणाऱ्या किंवा ती बोली कानावर पडलेल्या परीक्षकालाच उमगतात.

परीक्षकालाही न दिसणारे काय?

ठिकाणाची नोंदच खोटी असेल, तर हेतू जुळूनही नुकसान होते. बँक शाखांच्या नोंदींत भामट्यांनी स्वतःचे फोन क्रमांक घातल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. शोधणाऱ्याला बँक हवी होती, नकाशाने बँकच दाखवली. फोन मात्र चोराने उचलला. त्यामुळे बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घेणेच बरे.

घरबसल्या हे काम मिळते का?

मिळते, कंत्राटी कंपन्यांमार्फत, लेखी परीक्षा देऊन. पण टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘नकाशावर हॉटेलला पाच स्टार द्या, दीडशे रुपये मिळवा’ हे संदेश वेगळे. सुरुवातीला थोडे पैसे खरेच जमा होतात, नंतर ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली हजारो रुपये भरायला लावतात. खरे परीक्षक जाहीर स्टार देत नाहीत आणि कामासाठी त्यांना पैसे भरावे लागत नाहीत. पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर लगेच फोन करावा; जितका उशीर, तितकी रक्कम खात्यांत अडवून धरणे अवघड होते.