दोन सेंटीमीटरचा हिशेब

१,२१,०५५ कोटी रुपये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशातल्या नागरी संस्थांना द्यायचे म्हणून सुचवलेले हे अनुदान. यातले ३८,१९६ कोटी दहा लाखांवरच्या शहरांच्या वाट्याचे, उरलेले ८२,८५९ कोटी बाकी सगळ्या लहान-मोठ्या शहरांचे. वाघाडी नदीकाठचे घाटंजी या दुसऱ्या रांगेत येते. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास होती.

आता हा डोंगर माणशी वाटून बघू. त्याच जनगणनेप्रमाणे दहा लाखांखालच्या शहरांत सुमारे साडेएकवीस कोटी लोक राहत होते. म्हणजे माणशी वर्षाला ७७० रुपये. त्यातले साठ टक्के ‘बंधित’, पाणीपुरवठा आणि स्वच्छतेखेरीज कुठे वापरता येत नाहीत. उरले ३०८ रुपये. राज्यांच्या वाटपाचे सूत्र वेगवेगळे असल्याने प्रत्यक्ष रक्कम मागेपुढे होते, पण या सरासरीने घाटंजीएवढ्या गावाला वर्षाकाठी साधारण एकसष्ट लाख अबंधित पडतात. रस्ते, दिवे, नाल्या, सगळ्या मागण्या त्यावरच.

मुंबई महापालिकेने २०२२ च्या अखेरीस ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सुमारे ६,०८० कोटींची निविदा काढली. किलोमीटरला पंधरा कोटींहून जास्त. त्या दराने एकसष्ट लाखांत चाळीस मीटर रस्ता होतो. मुंबईचे रस्ते रुंद, खाली केबल आणि जलवाहिन्यांचे जाळे, तेव्हा ही तुलना सरळ नाही. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या सहा मीटर रुंद रस्त्याचाच हिशेब मांडू.

लांबी एक किलोमीटर, जाडी वीस सेंटीमीटर. काँक्रीट १,२०० घनमीटर, वजन जवळपास २,९०० टन. घनमीटरला आठ पोती धरली तर सिमेंटची ९,६०० पोती. घनमीटरचा खर्च सहा हजार धरला तरी नुसत्या काँक्रीटचे बहात्तर लाख होतात, म्हणजे वर्षाचे एकसष्ट लाख इथेच संपले. काँक्रीट पक्के व्हायला वर वाफे करून पाच सेंटीमीटर पाणी साठवायचे तर एका भरण्याला तीन लाख लिटर लागतात, आणि ही कामे बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, ऐन टंचाईत निघतात.

सिमेंटचा तुटवडा मात्र नाही. घाटंजीच्याच जिल्ह्यात मुकुटबनला २०२२ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन आहे. त्याच्या एका दिवसाच्या सिमेंटमध्ये असे बावीस किलोमीटर रस्ते होतील.

खरी परीक्षा खाली, काळ्या मातीत आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि वरचा रस्ता सोबत हलवते. ती अर्धा मीटर खणून मुरूम भरायचा, आठ मीटर रुंदीत, तर १,४०० ब्रास मुरूम लागतो. दोन ब्रासच्या टिप्परच्या सातशे खेपा, आणि काढलेली माती न्यायला आणखी सातशे. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून प्रत्यक्षात खेपा वाढतातच. गंमत म्हणा की दुर्दैव, हा सगळा खर्च काम संपल्यावर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते वरचे पांढरे काँक्रीट, आणि खर्चाची कात्री लागते ती न दिसणाऱ्या थरांना.

पैसा येण्याच्या वाटाही दूरच्या. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. हाती मालमत्ता कर राहिला, बाकी राज्याकडे बघायचे: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, पण घाटंजी ज्या आर्णी विधानसभा मतदारसंघात आहे तो चंद्रपूर लोकसभेत मोडतो, आणि त्या पाच कोटींवर सहा विधानसभा मतदारसंघांचा डोळा. मग ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश. एवढ्या टेबलांवरून कागद फिरला की गल्लीचा रस्ता सुरू होतो.

आणि तो मोडतो कशाने? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमापे घेतली गेली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की झीज आसाच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. भारतात चार चाकांच्या एका आसावर साडेअकरा टनांची मुभा आहे. लहान कारच्या आसावर त्याचा विसावा भाग. वीसचा चौथा घात १,६०,०००. ट्रकचा असा एक आस एकदा गेला, तर ८०,००० कार गेल्याइतकी झीज होते. मिनिटाला एक कार सोडली तरी त्याला पंचावन्न दिवस लागतील. कापसाच्या हंगामात गाठींनी भरलेले ट्रक ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता निवासी गल्लीच्या मापाने बांधणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

चालणाऱ्या माणसाचे ओझे या हिशेबात शून्यच. त्याला लागते ते थोडे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाला १.८ मीटर मोकळी रुंदी आणि १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसलेली कड. एका किलोमीटरला दोन्ही बाजूंनी १,८०,००० पेव्हर ब्लॉक, वजन पाचशे टन. मुरूम आणि काँक्रीट मिळून रस्त्यात जाणाऱ्या वजनाच्या वीस भागांतला एकही भाग नाही. तरी अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की पहिली गळते ती हीच बाब. २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. रोज नव्वद. दीड घाटंजीहून जास्त माणसे, एका वर्षात. हा आकडा सवयीचा होऊ देता कामा नये. यात भाजी घ्यायला निघालेली आजी आहे, शाळेतून घरी निघालेले पोर आहे.

आता सर्वांत लहान आकडा: दोन सेंटीमीटर. वीसऐवजी अठरा सेंटीमीटर जाडी टाकली तर वरून बघून कोणाच्या लक्षात येणार नाही. पण त्या एका किलोमीटरमध्ये १२० घनमीटर काँक्रीट, ९६० पोती सिमेंट आणि आपल्या धरलेल्या दराने सात लाख वीस हजार रुपये जमिनीत गेलेच नाहीत. वाकण सोसण्याची ताकद जाडीच्या वर्गाने चालते, म्हणून जाडी एक दशांशाने घटली की ताकद जवळपास एक पंचमांशाने जाते. मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात, ओळ मात्र अशी असते: १ × १००.०० × ६.०० × ०.२० = १२०.०० घनमीटर. या ओळीतला शेवटचा गुणक, ०.२०, खरा आहे का, एवढेच तपासायचे असते.

ते तपासता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदांच्या प्रतींबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला दिलेला आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये, आणि एमबीच्या पानाची प्रत दोन रुपयांना मिळते.